घरातल्या यंत्रांचे जनरल रजिस्टर

एप्रिलच्या अखेरची गोष्ट. १ मे रोजी निकाल द्यायचा होता आणि ४३ मुलांची प्रगतिपत्रके आमच्या घरच्या संगणकावर तयार होती. शाळेतला प्रिंटर नादुरुस्त होता, म्हणून ती घरीच छापायची असे ठरले होते. ३० तारखेच्या रात्री जेवणे उरकून छापण्याची आज्ञा दिली, तर संगणक सांगू लागला की प्रिंटर सापडत नाही. प्रिंटर समोर टेबलावर होता. दिवा लागलेला, कागद भरलेला, वायफायची खूणही व्यवस्थित दिसत होती. अशा वेळी सगळे जे करतात तेच आम्हीही केले. प्रिंटर बंद करून चालू केला, मग संगणक, मग राउटर. तिन्ही यंत्रे पुन्हा सुरू झाली आणि प्रिंटर पुन्हा सापडेना.

शेवटी संगणक दुरुस्तीचे काम करणाऱ्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावले. त्याने दोन मिनिटे पडद्यावर काहीतरी पाहिले आणि म्हणाला, "बाई, प्रिंटर बिघडलेला नाही. त्याचा नंबर बदललाय. तुमचा कॉम्प्युटर अजून जुन्याच नंबरला हाका मारतोय."

"मग जुन्या नंबरवर आता कोण आहे?"

"कोणाचा तरी मोबाइल दिसतोय."

तो मोबाइल लग्नासाठी आलेल्या आमच्या एका पाहुण्यांचा निघाला! प्रगतिपत्रके रात्री बारापर्यंत छापून झाली. पण प्रश्न उरला. प्रिंटरचा नंबर म्हणजे काय? तो बदलतो कसा, आणि कोणाच्या हुकुमाने?

शिक्षकांना हे समजावून घेणे मुळीच अवघड नाही, कारण हीच व्यवस्था आपण शाळेत रोज चालवतो. मूल शाळेत दाखल झाले की जनरल रजिस्टरमध्ये त्याला एक क्रमांक मिळतो. तो शाळा सोडेपर्यंत बदलत नाही. त्याशिवाय वर्गात त्याला एक हजेरी क्रमांक असतो. तो दर जूनमध्ये नव्याने पडतो. पाचवीत १२ नंबरवर असलेला मुलगा सहावीत १५ नंबरवर असू शकतो, आणि १२ नंबर दुसऱ्याच कोणाचा झालेला असतो. तिसरी गोष्ट म्हणजे मुलाचे नाव, ज्याने आपण त्याला हाक मारतो.

नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्रालाही अशाच तीन ओळखी असतात. कारखान्यातून येताना त्याच्या वायफायच्या किंवा केबलच्या भागाला ४८ बिटांचा एक क्रमांक दिलेला असतो. त्याला मॅक पत्ता म्हणतात. हा झाला जनरल रजिस्टरचा क्रमांक. नेटवर्कमध्ये सामील झाल्यावर त्याला मिळतो तो आयपी पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५. हा हजेरी क्रमांक. आणि होस्टनेम म्हणजे यंत्राचे नाव. (पत्ते आम्ही येथे देवनागरी अंकांत छापले आहेत. संगणकावर टाकताना मात्र इंग्रजी अंकच वापरावे लागतात.) आमची त्या रात्रीची चूक अशी, की संगणकाच्या प्रिंटरविषयीच्या नोंदीत आम्ही हजेरी क्रमांक लिहिला होता आणि तो कायमचा आहे असे गृहीत धरले होते.

आयपी पत्त्याचे चार भाग असतात आणि प्रत्येक भाग ० ते २५५ यांपैकी एक संख्या असतो. म्हणजे एकूण ३२ बिट. त्यातून सुमारे ४२९ कोटी पत्ते तयार होतात. ही संख्या मोठी वाटते, पण जगाला ती पुरली नाही. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले. त्याच्या कितीतरी आधी, फेब्रुवारी १९९६ मध्ये, काही पत्ते खासगी वापरासाठी बाजूला काढून ठेवण्याचा नियम झाला होता. १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ यांनी सुरू होणारे पत्ते कोणीही आपल्या घरात, शाळेत, कचेरीत वापरावेत, बाहेरच्या इंटरनेटवर ते चालणार नाहीत, असा तो नियम. म्हणूनच आमच्या घरी, तुमच्या घरी आणि कदाचित शेजाऱ्यांच्याही घरी १९२.१६८.१.५ हा पत्ता एकाच वेळी असू शकतो आणि त्यात कोणाचे काही बिघडत नाही. प्रत्येक शाळेत सहावी अ मध्ये १२ नंबर असतोच की!

घरात हे क्रमांक वाटतो राउटर. पूर्वी प्रत्येक संगणकात जाऊन हाताने पत्ता लिहावा लागे. १९९३ मध्ये डीएचसीपी नावाचा संकेत ठरला आणि ते काम आपोआप होऊ लागले. वर्गात नवा मुलगा यावा तसा हा संवाद चालतो. नवे यंत्र ओरडून विचारते, "येथे नंबर देणारे कोणी आहे का?" राउटर म्हणतो, "आहे. तुला ५ नंबर चालेल का?" यंत्र म्हणते, "चालेल, ५ नंबर घेतो." राउटर आपल्या यादीत नोंद करतो आणि सांगतो, "दिला. पण २४ तासांपुरता." ही मुदत राउटरागणिक वेगवेगळी असते. इंग्रजीत तिला लीज म्हणतात. आपण भाडेपट्टा म्हणू. मुदत अर्धी सरली की यंत्र आपण होऊन पट्टा वाढवून मागते. त्यामुळे सतत चालू असलेल्या यंत्राचा नंबर सहसा बदलत नाही.

सहसा नाही. पण आमचा प्रिंटर चार दिवस बंद होता, आणि मधल्या काळात एकदा वीज गेली होती. अनेक घरगुती राउटर ही यादी तात्पुरत्या स्मृतीत ठेवतात. वीज गेली की यादी पुसली जाते. वीज आल्यावर पाहुण्यांचा मोबाइल नंबर मागायला आला. राउटरच्या दृष्टीने ५ नंबर रिकामा होता. काही राउटर नंबर देण्यापूर्वी त्या नंबरला एक हाक मारून पाहतात, पण बंद यंत्र उत्तर देत नाही. नंबर मोबाइलला गेला. रात्री प्रिंटर सुरू झाला, त्याने आपला जुना ५ नंबर मागितला, राउटरने नकार देऊन ९ दिला. प्रिंटरने तो मुकाट्याने घेतला. प्रत्येक यंत्राने नियमाप्रमाणेच केले होते. नियम आम्हाला माहीत नव्हते, एवढेच.

यानंतर आम्ही जी दुरुस्ती केली ती मूळ बिघाडापेक्षा वाईट ठरली. ती सविस्तर सांगतो, कारण ही चूक अनेक शाळांच्या संगणक कक्षांतही होताना आम्ही पाहिली आहे.

आम्ही विचार केला, नंबर बदलतोच कशाला? प्रिंटरच्या पडद्यावर जाऊन "आपोआप" ऐवजी "हाताने" हा पर्याय निवडला आणि ५ हा नंबर कायमचा लिहून टाकला. पाहुणे गेले होते, नंबर रिकामा होता. सगळे सुरळीत चालू लागले. पंधरा दिवसांनी विचित्र प्रकार सुरू झाला. दोन पाने छापून प्रिंटर थांबे. पुन्हा आज्ञा दिली की कधी चाले, कधी नाही. त्याच वेळी मुलाच्या टॅबलेटवरचा व्हिडिओ अडके. प्रिंटर बंद केला की टॅबलेट ठीक होई. आमच्यापैकी एकाने असा निष्कर्षही काढला की प्रिंटरच्या लहरी टॅबलेटच्या लहरींना अडवतात!

खरे कारण असे होते. प्रिंटरला आम्ही नंबर लिहून दिला, पण राउटरला ते सांगितलेच नव्हते. राउटरच्या यादीत ५ नंबर वाटण्यासाठी मोकळाच होता. प्रिंटर बंद असताना त्याने तो टॅबलेटला दिला. मग प्रिंटर सुरू झाला आणि एका हजेरी क्रमांकावर दोन मुले बसली.

आता संगणकाला ५ नंबरकडे काही पाठवायचे असते तेव्हा तो आधी सर्वांना विचारतो, "५ नंबर कोणाचा? तुमचा मॅक पत्ता सांगा." या विचारणेला एआरपी म्हणतात. आमच्या घरी दोघांनीही हात वर केला. ज्याचे उत्तर नंतर येई त्याची नोंद आधीच्या नोंदीवर लिहिली जाई. त्यामुळे पहिली दोन पाने प्रिंटरकडे आणि पुढची टॅबलेटकडे निघत. टॅबलेटला त्यातले काही कळत नसे, तो ती सोडून देई. राउटरचीही तशीच गल्लत होई आणि व्हिडिओचे तुकडे प्रिंटरच्या दारात जाऊन पडत. काही यंत्रे असा दुहेरी नंबर ओळखून तक्रार करतात. आमच्या प्रिंटरने केली नाही. पूर्ण बंद पडलेले यंत्र शोधणे सोपे असते. अधूनमधून चालणाऱ्या यंत्राने आमचे दोन रविवार खाल्ले.

यावर उपाय दोन आहेत. पहिला म्हणजे राउटरला वाटण्यासाठी दिलेल्या नंबरांची हद्द आखून द्यायची. आमच्या राउटरमध्ये आता १०० ते १९९ हे नंबर आपोआप वाटले जातात. २ ते ९९ तो कोणालाही देत नाही. हाताने लिहायचे नंबर या भागातूनच घ्यायचे. (१ नंबर राउटरचा स्वतःचा. ० आणि २५५ कोणत्याच यंत्राला देत नाहीत. म्हणून अशा जाळ्यात २५४ यंत्रांनाच जागा असते.) दुसरा उपाय आम्हाला अधिक पसंत आहे. प्रिंटरवर काहीच लिहायचे नाही, तो "आपोआप"वरच ठेवायचा. राउटरच्या पानावर "राखीव पत्ते" अशा अर्थाचा एक तक्ता असतो. त्यात प्रिंटरचा मॅक पत्ता आणि त्याला द्यायचा नंबर लिहून ठेवायचा. मग प्रिंटर चार दिवसांनी येवो की चार महिन्यांनी, राउटर जनरल रजिस्टर पाहून त्याला तोच नंबर देतो. सर्व नोंदी एकाच जागी राहतात हा याचा मोठा फायदा. पहिल्या उपायात निम्म्या नोंदी राउटरमध्ये आणि निम्म्या निरनिराळ्या यंत्रांच्या पोटात विखुरतात. त्या फक्त लिहिणाऱ्याच्या डोक्यात असतात. शाळेत ते शिक्षक बदलून गेले की संपले.

मात्र मोबाइलच्या बाबतीत एक अडचण आहे. अँड्रॉइडच्या २०१९ मधल्या दहाव्या आवृत्तीपासून आणि आयफोनच्या २०२० मधल्या चौदाव्या आवृत्तीपासून फोन आपला खरा मॅक पत्ता सांगतच नाहीत. प्रत्येक वायफायला एक बनावट पत्ता देतात, म्हणजे दुकानादुकानांतून कोणी आपला माग काढू नये. हेतू चांगला आहे. पण आपला फोन राखीव तक्त्यात घालायचा तर घरच्या वायफायपुरती ही सोय बंद करावी लागते. प्रिंटर, दूरदर्शन संच, कॅमेरा यांच्या बाबतीत सहसा हा प्रश्न येत नाही.

नंबर स्थिर झाले, आता नावांकडे वळू. प्रिंटरचा नंबर लक्षात कोण ठेवणार? आणि नाव ठाऊक असेल तर नंबर बदलला तरी काय बिघडणार? पण त्यासाठी नाव आणि नंबर यांची जोडी कोठेतरी लिहिलेली असायला हवी. ती कोणी लिहायची, या प्रश्नाने इंटरनेटच्या पूर्वजालाही छळले होते.

अमेरिकेतल्या अर्पानेट या जाळ्यात सुरुवातीला प्रत्येक ठिकाणचे लोक इतर यंत्रांची यादी आपापली ठेवत. नवे यंत्र आले की कोणी ते लिहून घेई, कोणी घेत नसे, आणि कोणत्याही दोन याद्या जुळत नसत. पीटर डॉइच यांनी डिसेंबर १९७३ मध्ये याविरुद्ध एक लहानसे टिपण लिहिले आणि एकच अधिकृत यादी असावी असे सुचवले. ती यादी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या माहिती केंद्रात ठेवली जाऊ लागली. तेथील प्रमुख होत्या एलिझाबेथ फाइनलर. नवे यंत्र जोडले की केंद्राला कळवायचे. तेथील माणसे नाव आधीच कोणी घेतले नाही ना हे पाहून यादीत भर घालत, आणि सर्वजण नव्या यादीची प्रत उतरवून घेत. ऑगस्ट १९८१ मध्ये यादीत २१३ यंत्रे होती, ऑगस्ट १९८३ मध्ये ५६२, तर ऑक्टोबर १९८४ मध्ये १,०२४. एका कचेरीला हाताने हे सांभाळणे अशक्य होत चालले. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस ही पद्धत मांडली. तिच्यात एक मोठी यादी नाही. प्रत्येक संस्था आपल्या नावांची वही आपल्याजवळ ठेवते, आणि कोणाची वही कोठे आहे एवढेच वरच्या पातळीवर सांगितले जाते. शिक्षणाधिकाऱ्यांकडे जिल्ह्यातल्या प्रत्येक मुलाचा हजेरी क्रमांक नसतो, पण शाळा कोठे आहे हे त्यांना ठाऊक असते, तसेच हे.

गंमत अशी, की ती जुनी पद्धत आजही आपल्या संगणकात जिवंत आहे. विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर होस्ट्स नावाची एक साधी मजकुराची फाइल असते. तिच्यात एका ओळीत नंबर आणि पुढे नाव लिहिले, की तो संगणक त्या नावाला तोच नंबर समजतो. आम्हीही आधी हाच मार्ग धरला होता. दोन संगणकांत ओळी लिहिल्या, तिसऱ्यात लिहायच्या राहिल्या, आणि मोबाइलमध्ये अशी फाइल सहजी उघडताच येत नाही. चार खोल्यांच्या घरात १९७३ सालचे अर्पानेट उभे राहिले!

त्यापेक्षा वही राउटरकडे द्यावी. पुष्कळ राउटर राखीव तक्त्यात नंबराबरोबर नावही लिहू देतात आणि घरातल्या यंत्रांनी विचारले की सांगतात. राउटर साधा असेल आणि ही सोय नसेल तर आणखी एक पद्धत आहे. तिच्यात वहीच लागत नाही. संगणक घरभर हाक मारतो, "छपाई नावाचे कोणी आहे का?" आणि ज्याचे ते नाव असेल ते यंत्र स्वतः उत्तर देते. अशा नावांच्या शेवटी टिंब देऊन "लोकल" हा शब्द असतो. अ‍ॅपल कंपनीने २००२ मध्ये ही पद्धत प्रचारात आणली आणि २०१३ मध्ये ती सर्वांसाठी प्रमाण झाली. बहुतेक नवे प्रिंटर ती जाणतात. दोन यंत्रांचे नाव एकच निघाले तर नंतर येणारे आपल्या नावापुढे २ लावून घेते. वर्गातल्या दोन मंगेशांचे आपण जे करतो तेच.

येथे एक सावधगिरी बाळगावी. घरातल्या जाळ्याला मनात येईल ते आडनाव देऊ नये. आज आपण सहज लावलेले आडनाव उद्या खऱ्या इंटरनेटवर कोणी विकत घेतले तर घोटाळा होतो. २०१८ मध्ये घरांसाठी "होम.अर्पा" हे आडनाव मुद्दाम राखून ठेवण्यात आले. अर्पानेटची तेवढी आठवण त्यात उरली आहे. २०२४ मध्ये "इंटर्नल" हा शब्दही खासगी वापरासाठी सोडण्यात आला.

यंत्राला नाव काय द्यावे? यावर डॉन लिबीज यांनी १९९० मध्ये एक मार्मिक टिपण लिहिले होते. यंत्राला स्वतःचे नाव देऊ नका आणि त्याच्यावर आज चालू असलेल्या कामाचेही देऊ नका, असा त्यांचा सल्ला आहे, कारण यंत्र दुसऱ्याकडे जाते, काम बदलते आणि नाव मागे उरते. आमच्याकडे "सरांचा लॅपटॉप" आता मुलगी वापरते, त्यामुळे हा सल्ला पटला. आम्ही नद्यांची नावे दिली आहेत. कृष्णा, वेण्णा, कोयना. नावात रोमन अक्षरे, अंक आणि आडवी रेघ एवढेच वापरावे. मध्ये जागा सोडू नये. मराठी नाव मराठी लिपीत का नाही, असे मुले विचारतील. २०१४ पासून ".भारत" हे देवनागरी आडनाव इंटरनेटवर मिळते, पण आत ते रोमन अक्षरांच्या एका सांकेतिक रूपातच साठवलेले असते. घरगुती यंत्रे ते रूपांतर नीट करतीलच अशी खात्री नाही.

वर्गात हे सगळे संगणकाशिवाय दाखवता येते. दहा मुलांना जनरल रजिस्टरचे क्रमांक लिहिलेले कार्ड द्या, एकाला राउटर करून त्याच्या हाती वही द्या आणि १ ते ८ एवढेच नंबर वाटायला सांगा. पट्ट्याची मुदत पाच मिनिटे. एक मूल पोस्टमन होऊन फक्त नंबर लिहिलेल्या चिठ्ठ्या पोहोचवेल. मग दोन मुलांना बाहेर पाठवा, वही एकदा फाडा, आणि एका मुलाच्या कानात सांगा की तू कोणालाही न विचारता ३ नंबर घे. पोस्टमन दहा मिनिटांत रडकुंडीला येतो. संगणक असेल तर आयपीकॉन्फिग ही आज्ञा देऊन प्रत्येकाने आपला नंबर फळ्यावर लिहावा. एखाद्याचा १६९.२५४ ने सुरू झाला तर त्या संगणकाला कोणी नंबरच दिलेला नाही, त्याने स्वतःच घेतला आहे, असे समजावे. आणि निम्मे नंबर एका जातीचे व निम्मे दुसऱ्या जातीचे आले, तर कक्षात कोणीतरी दुसरा राउटर लावून ठेवलेला आहे आणि तोही नंबर वाटतो आहे.

आमच्या घरची यादी आम्ही मेमध्ये प्रथमच शेवटपर्यंत वाचली. सात-आठ यंत्रे असतील असा अंदाज होता. निघाली सतरा. त्यांतले दोन जुने फोन कपाटात चार्जरला लावून विसरलेले होते. आणि एक फोन शेजारच्या मुलाचा निघाला. दोन वर्षांपूर्वी परीक्षेच्या काळात त्याला पासवर्ड दिला होता, तेव्हापासून तो भिंतीपलीकडून रोज आमच्याकडे नंबर मागतो आहे. पासवर्ड बदलावा की नाही यावर आमच्या दोघांचे अजून एकमत झालेले नाही. तोवर त्याच्या फोनची नोंद यादीत केली आहे. नाव दिले आहे उरमोडी.